केटल घ्यायची आहे? आधी घरातला प्लग, नळाचं पाणी आणि उचलणारा हात बघा

आईसाठी पहिली केटल घेतली तेव्हा मी दोनच गोष्टी पाहिल्या होत्या, किंमत आणि लिटर. आई साताऱ्याला एकटी राहते. चहाचं आधण गॅसवर ठेवून ती पूजेला बसायची आणि पातेलं कोरडं पडून करपल्याचा वास येईपर्यंत तिच्या लक्षात यायचं नाही. असं दोनदा झालं. म्हणून उकळी आली की आपोआप बंद होणारी केटल हवी होती. मी १.८ लिटरची, चकचकीत स्टीलची आणली. तीन आठवड्यांनी गेले तर केटल खोक्यात परत गेलेली. "अगं, भरली की मला उचलवत नाही. आणि एका कपासाठी अर्धा लिटर पाणी तापवायचं कशाला?" आई म्हणाली.

तिची दोन्ही कारणं बरोबर होती, आणि दोन्ही मला दुकानात जाण्याआधी कळू शकली असती. त्यानंतर नात्यातल्या, शेजारच्या बऱ्याच जणांसाठी केटल निवडून दिल्या. त्यातून जी पद्धत बसली ती इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: तिच्यात काय उकळणार ते ठरवा

केटल पाण्यासाठी असते, फक्त पाण्यासाठी. आपल्याकडे केटल आली की पहिल्या आठवड्यात कोणीतरी तिच्यात दूध तापवतं, अंडी उकडतं किंवा पाणी, दूध, साखर, चहापत्ती असं सगळं एकदम टाकून चहा करायला बघतं. दूध तळाला लागतं, करपतं आणि फेस धरून वर येतं. केटलच्या वरच्या बाजूला एक छोटी फट असते. तिच्यातून वाफ आत जाते आणि स्विच पडतो. त्या फटीत दुधाचा फेस शिरला की पुढे ती कधी बंद होईल याचा भरवसा राहत नाही. उतू गेलेलं दूध खालच्या बैठकीत उतरलं तर शॉर्ट सर्किटचा धोका वेगळाच.

घरात उकळलेला दुधाचा चहाच लागत असेल तर केटलने अर्धं काम होतं. पाणी केटलमध्ये उकळायचं, तपेलीत ओतायचं आणि आलं, पत्ती, दूध घालून गॅसवर दोन-तीन मिनिटं ठेवायचं. आई आता असंच करते. त्या दोन मिनिटांत ती ओट्यासमोरून हलत नाही, त्यामुळे विसरण्याचा प्रश्न मिटला. पण केटलमधून थेट दुधाचा चहा हवा असेल तर केटल घेऊ नका. इलेक्ट्रिक मल्टिकुकर किंवा छोटी इंडक्शन शेगडी घ्या.

कोरा चहा, गवती चहा, ग्रीन टी, इन्स्टंट कॉफी, सकाळचं गरम पाणी, शेकण्याची पिशवी, बाळाच्या बाटल्या, झटपट ओट्स किंवा उपमा यांसाठी केटल उत्तम. पावसाळ्यात पालिकेने "पाणी उकळून, गाळून प्या" असं कळवलं की दोन माणसांच्या घरात तिचा उपयोग होतो. पाच-सहा जणांच्या घराला दिवसाचं दहा-बारा लिटर पाणी उकळायचं असेल तर मोठं पातेलंच बरं. केटलच्या आठ-दहा फेऱ्या कोणी करत नाही, चार दिवसांत कंटाळा येतो. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळून, निवळू देऊन मगच उकळा. उकळीने जंतू मरतात. पण पाण्यातले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट त्याने जात नाहीत, हे बोअरच्या पाण्यावर असलेल्या घरांनी लक्षात ठेवावं.

दुसरी पायरी: भिंतीवरचा प्लग

ही पायरी सगळे वगळतात, आणि सर्वांत जास्त त्रास इथेच होतो.

आपल्या घरात दोन मापांचे प्लग पॉइंट असतात. छोटा ६ ॲम्पिअरचा, ज्याला जुनी माणसं अजून "पाचचा" म्हणतात. मोठा १६ ॲम्पिअरचा, म्हणजे "पंधराचा" किंवा पॉवर प्लग, ज्याला फ्रीज, गिझर, मिक्सर लावतात. केटल किती वीज ओढते हे काढणं सोपं आहे: वॉटला २३० ने भागा. १००० वॉटची केटल साधारण ४.३ ॲम्पिअर घेते, १२०० वॉटची ५.२, १५०० वॉटची ६.५ आणि १८०० वॉटची ७.८. म्हणजे बाजारात सर्वांत जास्त दिसणारी १५०० वॉटची केटल छोट्या प्लगच्या मर्यादेबाहेर जाते. म्हणूनच तशा बऱ्याच केटलना जाड पिनांचा मोठा प्लग असतो.

आता घरी ओट्यावर मोठा पॉइंट एकच, आणि तिथे मिक्सर किंवा फ्रीज लावलेला. मग दुकानदार वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्टर हातात देतो: मोठा प्लग छोट्या पॉइंटमध्ये बसवणारा. तो घेऊ नका. मी घेतला होता. दोन महिन्यांत त्याचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं आणि एका सकाळी पिना आतच चिकटून बसल्या. छोट्या पॉइंटच्या आतल्या पत्र्या आणि मागची वायर एवढ्या प्रवाहासाठी नसतात. गॅसचं लायटर पोचत नाही म्हणून काडी लावण्याएवढी ही साधी तडजोड नाही, भिंतीच्या आत वायर तापते आणि ते दिसत नाही. सहा ॲम्पिअरच्या एक्स्टेंशन बोर्डाचंही तेच.

म्हणून घरी आधी ओट्याजवळचा पॉइंट बघा. मोठा पॉइंट मोकळा असेल तर १५०० वॉटची केटल घ्या. फक्त छोटाच असेल तर १००० ते १२०० वॉटच्या आत राहा, किंवा इलेक्ट्रिशियनकडून मोठा पॉइंट काढून घ्या. तो आलाच आहे तर अर्थिंगही तपासायला सांगा. जुन्या चाळी आणि वाड्यांत बोर्डावर तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. केटल, पाणी आणि स्टील एकत्र असताना ही तिसरी वायर जीव वाचवते. केटलला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी बटण बंद करा आणि कारण सापडेपर्यंत ती वापरू नका.

इन्व्हर्टरवर केटल चालवायचा विचार सोडा. घरगुती इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो, १५०० वॉटला तो लगेच मान टाकतो. रेल्वेच्या डब्यातले पॉइंटही मोबाइल-लॅपटॉपपुरते असतात, तिथे केटल लावायला मनाई आहे.

गावाकडे आणखी एक गोष्ट जाणवते. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, आणि केटलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर १५०० वॉटची केटल जेमतेम ९२० वॉटने चालते. पाणी उकळायला चारऐवजी साडेसहा-सात मिनिटं लागली तर केटल बिघडलेली नसते. परदेशी जाणाऱ्या मुलांसाठीही हेच गणित उपयोगी पडतं. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात. इथली १५०० वॉटची केटल तिथे सुमारे ४०० वॉटवर येते आणि एक लिटर पाण्याला पंधरा मिनिटं घेते. उलट तिकडची १२० व्होल्टची केटल इथे लावली तर लगेच जळते. इंग्लंडहून कोणी केटल आणली तर ती व्होल्टेजला चालेल, पण तिथल्या पुष्कळ केटल ३००० वॉटच्या, म्हणजे १३ ॲम्पिअरच्या असतात. त्यांना मोठा पॉइंटच हवा.

तिसरी पायरी: किती मावतं यापेक्षा कमीत कमी किती लागतं

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १.५ लिटर, १.८ लिटर लिहिलेलं असतं. ते महत्त्वाचं नाही. केटलच्या आत किंवा काचपट्टीवर खाली "मिन" अशी खूण असते, ती शोधा. तिच्याखाली पाणी ठेवून केटल चालवायची नसते. बऱ्याच मोठ्या केटलमध्ये ही खूण अर्ध्या लिटरवर असते. आपला चहाचा कप १०० ते १५० मिलीचा. म्हणजे एकट्या माणसाला एका कपासाठी चार कपांचं पाणी तापवावं लागतं. आईची तक्रार हीच होती.

एकट्या-दुकट्या माणसाला ०.८ ते १ लिटरची केटल पुरते. तिची खालची खूण २५०-३०० मिलीच्या आसपास असेल तर फारच छान. चार जणांच्या घराला १.५ लिटर. त्याहून मोठी घेण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

वजनाचा हिशेब करा: रिकामी केटल पाऊण ते एक किलो आणि पाणी दीड किलो, म्हणजे सव्वादोन-अडीच किलोचं उकळतं भांडं मनगटावर तिरकं करायचं. संधिवात असलेल्या हाताला हे जमत नाही, आणि जमवायला गेलं की पाणी सांडतं.

वेगाचंही बघू. पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला एका लिटरला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. १५०० वॉटची केटल हे काम सुमारे चार मिनिटांत करते, १००० वॉटची सहा मिनिटांत, प्रवासी ६०० वॉटची दहा मिनिटांत. वीज मात्र तिन्हींना जवळपास तेवढीच लागते, एका लिटरला साधारण एक दशांश युनिट. जास्त वॉट म्हणजे जास्त बिल, हा समज चुकीचा आहे. उलट हळू तापणारी केटल बाहेर उष्णता घालवते, तिलाच थोडी जास्त वीज लागते. युनिट दहा रुपयांनी धरलं तर एक लिटर उकळायला एक रुपया. गॅसवर त्याच पाण्याला दहा-बारा ग्रॅम गॅस जळतो. १४.२ किलोचा सिलिंडर साडेआठशेला धरला तर साठ-सत्तर पैसे झाले. त्यामुळे पैसे वाचतील या आशेने केटल घेऊ नका. ती वेळ वाचवते आणि आपोआप बंद होते, हा तिचा खरा फायदा.

चौथी पायरी: स्टील, काच की प्लॅस्टिक

माझं मत स्पष्ट आहे: आतून पूर्ण स्टील. वर्णनात ३०४ ग्रेड किंवा १८/८ लिहिलंय का बघा. म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्त केटलमध्ये २०२ ग्रेड असतं. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि क्षारयुक्त पाण्यात त्याला गंज लवकर धरतो. चुंबक लावून ओळखता येतं असं पुष्कळ जण सांगतात. ते अर्धसत्य आहे. ३०४ ला चुंबक सहसा चिकटत नाही, पण २०२ लाही चिकटत नाही. त्यामुळे चुंबकापेक्षा लिखित ग्रेड आणि वॉरंटीवर विसंबा.

साध्या एकपदरी स्टीलच्या केटलची बाहेरची बाजू उकळीनंतर चटका देते. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर आत स्टील आणि बाहेर प्लॅस्टिकचं आवरण असलेली दुपदरी केटल घ्या. थोडी महाग, थोडी जड, पण हात लागला तरी भाजत नाही. आईची दुसरी केटल अशीच, एक लिटरची आहे.

काचेची केटल बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेची असते. पाणी दिसतं, साठलेले क्षार दिसतात, वास येत नाही. पण आपल्या दगडी ओट्यावर आणि स्टीलच्या नळाखाली ती किती दिवस टिकेल याचा विचार करा. संपूर्ण प्लॅस्टिकची केटल हलकी आणि स्वस्त, पण पहिले काही दिवस पाण्याला वास येतो आणि काहींचा शेवटपर्यंत जात नाही. घ्यायचीच झाली तर बीपीए-मुक्त (बीपीए हे काही प्लॅस्टिकमधलं रसायन) लिहिलेली घ्या. स्टीलच्या केटलमध्येही झाकणाच्या आतली बाजू, जाळी आणि पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी प्लॅस्टिकची असते, ते तपासून घ्या.

तारेचं वेटोळं आत पाण्यात दिसणारी केटल टाळा. वेटोळ्यावर क्षार बसले की घासता येत नाहीत. तळ सपाट आणि तार तळाखाली असलेली हवी.

पाचवी पायरी: दुकानात हातात घेऊन

ऑनलाइन मागवायची असली तरी एकदा दुकानात जाऊन तसलीच केटल हाताळा. झाकण उघडा आणि मूठ आत घालून बघा. हात तळापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर पुढे धुता येणार नाही. झाकण बटणाने उघडतं का? हाताने ओढून काढायचं झाकण वाफेच्या वेळी बोटं भाजतं. केटलच्या मुठीत चार बोटं नीट बसतात का, की बोटांची पेरं गरम भांड्याला टेकतात? दुकानदाराला एक लिटर पाणी भरून द्यायला सांगा आणि ओतून पाहा. चांगल्या तोटीतून धार सरळ पडते, वाईट तोटीतून पाणी केटलच्या पोटावरून ओघळतं. मी हे दुकानात करते तेव्हा लोक बघतात, पण रोज सहा वेळा ओतायची वस्तू ओतून बघायलाच हवी.

बैठकीवर केटल कशीही ठेवली तरी बसली पाहिजे, म्हणजे डावखुऱ्यांनाही सोय. वायर आखूड असेल तर ती उणीव समजू नका. लोंबणारी लांब वायर रांगतं मूल ओढतं. शिल्लक वायर गुंडाळायला बैठकीखाली खाच असावी.

आता स्विच. उकळी आली की वाफ त्या फटीतून आत जाते आणि दोन धातूंची एक चकती तापून टचकन उलटी वळते, त्याने स्विच पडतो. ही कल्पना १९५५ मध्ये इंग्लंडच्या रसेल हॉब्ज कंपनीच्या के-वन या केटलने घरोघरी नेली. ही चकती वाफेवर चालते, ठरलेल्या १०० अंशांवर नाही. म्हणून महाबळेश्वरला १३७२ मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळलं तरी केटल वेळेवर बंद होते. याच कारणाने झाकण उघडं ठेवलं तर वाफ तिथवर पोचत नाही आणि केटल उकळतच राहते. तळाशी दुसरी एक सुरक्षा असते, पाणी नसताना चालू झाली तर प्रवाह तोडणारी. खोक्यावर दोन्हींचा उल्लेख हवा. एक नसेल तर ती केटल परत ठेवा.

अंश निवडायची सोय बहुतेक घरांना लागत नाही. ग्रीन टीला ७०-८० अंशांचं पाणी चांगलं, पण उकळल्यावर झाकण उघडून पाचएक मिनिटं थांबलं की काम होतं. रोज फिल्टर कॉफी ओतून करणारे असाल तर वेगळं, तिथे ९०-९६ अंशांची अचूकता चवीत कळते. बाळाच्या दुधाच्या पावडरीला पाणी ७० अंशांपेक्षा कमी नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं आहे, कारण पावडर निर्जंतुक नसते. म्हणून त्यासाठी कोमटवर थांबणारं बटण वापरू नका. पाणी उकळा, अर्ध्या तासाच्या आत वापरा आणि बाटली तयार झाल्यावर थंड करून द्या.

शेवटी आयएसआय चिन्ह बघा. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या "बीआयएस केअर" ॲपवर तो टाकला की कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या वस्तूचा परवाना आहे ते दिसतं. बिल मागून घ्या, आणि तुमच्या गावात किंवा तालुक्याला सर्व्हिस सेंटर आहे का ते विचारा. कंपनीचं नाव मी मुद्दाम सुचवत नाही. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग केटलमध्ये एवढा फरक असतो की नावावरून काही ठरत नाही.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी केटल काठोकाठ नाही, वरच्या खुणेपर्यंत भरा, उकळा आणि पाणी ओतून द्या. असं दोन-तीनदा करा. नंतर एकदा उकळी आल्यावर किती सेकंदांनी बंद होते ते मोजा आणि लक्षात ठेवा. पुढे बिघाड ओळखायला हेच माप कामाला येतं. पहिल्या आठवड्यात रोज बटण बंद करून प्लग काढा आणि त्याचं प्लॅस्टिक हाताने चाचपा. किंचित कोमट चालेल, गरम लागलं तर पॉइंट सैल आहे.

वरच्या खुणेच्या वर पाणी भरू नका, उकळताना ते तोटीतून उडतं. केटल पाण्यात बुडवून किंवा तळ नळाखाली धरून धुऊ नका. ओली केटल बैठकीवर ठेवू नका. रात्री उरलेलं पाणी ओतून झाकण उघडं ठेवा.

क्षारांवर थोडं जास्त लिहिते, कारण केटल बहुधा त्यानेच मरते. बोअरच्या जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट उकळल्यावर कार्बोनेट होऊन तळाशी पांढरं बसतं. थर वाढला की उष्णता पाण्यात जात नाही, तळ जास्त तापतो, आवाज वाढतो आणि कोरडेपणाची सुरक्षा अवेळी पडू लागते. घरी आरओ असेल तर केटलमध्ये तेच पाणी वापरा. नसेल तर महिन्याला एकदा, फार जड पाण्यात पंधरवड्याला, एवढं करा: केटल अर्धी भरून उकळा, बंद करून प्लग काढा, मग चमचा-दीड चमचा सायट्रिक ॲसिड हळूहळू टाका. फसफसतं, म्हणून एकदम टाकू नका. अर्धा तास ठेवा, ओता, दोनदा विसळा आणि एकदा साधं पाणी उकळून फेका. घरात दोन लिंबं असतील तर त्यांचा रसही चालतो, वेळ जास्त लागतो. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा मिसळण्याचा उपाय फिरत असतो. तो करू नका, दोघं एकमेकांना मारतात आणि क्षार तसेच राहतात. तारेची घासणी आत अजिबात नको.

तळावरचे तपकिरी ठिपके दिसले की लोक घाबरतात. सायट्रिक ॲसिडने गेले आणि परत आले नाहीत तर ते पाण्यातल्या लोहाचे. त्याच जागी पुन्हा उमटले आणि नखाला खड्डा लागला तर स्टीलला गंज धरला आहे. वॉरंटी असेल तर बदलून घ्या, नसेल तर वापरणं थांबवा.

आणि ते सेकंद. पहिल्या दिवशी केटल उकळी फुटल्यावर पंधरा सेकंदांत बंद होत होती आणि आता मिनिटभर खळखळत राहते, असं दिसलं तर आधी झाकण नीट बसतं का बघा, मग वाफेच्या फटीत क्षार अडकलेत का बघा. दोन्ही ठीक असूनही ती बंद होत नसेल तर "आपण लक्ष ठेवू" म्हणून चालवू नका. लक्ष राहत नाही, म्हणूनच तर ती घरात आणली होती. आईला मी हे सेकंद मोजायला शिकवलंय. ती घड्याळ लावत नाही, "श्रीराम जय राम" तीनदा म्हणते. तेवढ्यात स्विच पडला नाही तर प्लग काढते आणि मला फोन करते.